एक मीटर, चार बिऱ्हाडं: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका घराचं उन्हाळी वीजबिल

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात, रस्त्याला लागून हे दुमजली घर आहे. खाली घरमालक काका, काकू, काकांची आई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. वर एका लांब गॅलरीला लागून तीन बिऱ्हाडं: जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, त्यांची बायको आणि लहान मुलगा, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, एकट्या, आणि बँकेत नोकरीला लागलेली दोन पोरं. माणसं दहा, चुली चार आणि महावितरणचं मीटर एकच, काकांच्या नावाचं. बिल आलं की त्याचे सारखे चार हिस्से व्हायचे. हिवाळ्यात हिस्सा लहान असायचा, म्हणून कोणी तोंड उघडत नव्हतं. एप्रिल २०२४ चं बिल आलं आणि गॅलरीतलं बोलणंच बंद झालं.

मी या भागात वायरिंगची कामं करतो. काकांनी मला बोलावलं ते एका मागणीसाठी: "कोण किती जाळते ते समजलं पाहिजे." संशय सिस्टरवर होता. त्यांची ड्युटी बरेचदा रात्रीची. दिवसा त्या दार लावून झोपत आणि भर दुपारी त्यांच्या कूलरचा आवाज खालपर्यंत येई. काकू म्हणाल्या, "एकटी बाई अन् दिवसभर कूलर. आमी चौघं असून आमचा संध्याकाळीच लागते." बँकेतल्या पोरांची तक्रार वेगळी होती: "आमी सकाळी जातो ते दिवस बुडाल्यावर येतो. खोलीले कुलूप असते. मंग चौथा हिस्सा आमी काहून द्यायचा?" सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की मोजणार असाल तर सगळ्यांचं मोजणार ना.

कूलरवरचा राग समजण्यासारखा आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कूलरशिवाय झोप लागत नाही. मोठ्या लोखंडी कूलरचा पंखा साधारण २०० वॅटचा, पाणी उचलणारी छोटी मोटर ३० वॅटची. दिवसाचे बारा तास चालला तर पावणेतीन युनिट, म्हणजे महिन्याचे ८३ च्या आसपास. घरगुती दराचा पहिला, सगळ्यांत स्वस्त टप्पा शंभर युनिटांचा असतो. एकटा कूलर तो जवळजवळ संपवतो. पण घरात कूलर चार होते, आणि आवाज ऐकू येतो म्हणून तोच जास्त खातो असं नसतं.

मोजायचं कशाने

बाजारात तीन प्रकारची साधनं मिळतात आणि ग्रामीण भागात त्यांतला फरक फार महत्त्वाचा ठरतो. पहिला स्मार्ट प्लग. तो एका उपकरणापुरता असतो. कूलर किंवा फ्रीज तपासायला उत्तम, पण अख्ख्या खोलीचा हिशेब त्यातून निघत नाही. दुसरा प्रकार म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा सेन्सर. तो स्वस्त आहे, वायर न तोडता बसतो, म्हणून लोक तोच मागतात. त्यातली साधी मॉडेलं फक्त करंट मोजतात आणि व्होल्टेज २३० आहे असं धरून गुणाकार करतात. आमच्याकडे उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. अशा वेळी हा सेन्सर वीसेक टक्के जास्तच दाखवणार. शिवाय कूलर, पंप, फ्रीज ही सगळी मोटरची उपकरणं. त्यांच्या बाबतीत करंट गुणिले व्होल्टेज म्हणजे वॅट नव्हे. मध्ये पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा भाग, आणि तो न मोजणारं साधन मोटरवाल्याच्या नावावर न जाळलेली वीज चढवतं. भांडण मिटवायला आणलेल्या साधनात असा दोष असेल तर ते नवं भांडण घेऊन येतं.

म्हणून तिसरा प्रकार घेतला: एमसीबीच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) डब्यात बसणारं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही जोडून घेणारं वायफाय एनर्जी मीटर. ते व्होल्टेज, करंट आणि पॉवर फॅक्टर स्वतः मोजतं. त्याला छोटा डिस्प्ले असतो, आणि लाईट गेली, नेट गेलं तरी आतला युनिटचा आकडा पुसला जात नाही. हे शेवटचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. काही साधनं आकडा नेटवरच साठवतात आणि गावात नेट तासन्‌तास नसतं. मधला वापर मग कोणाच्याच खात्यात पडत नाही.

चार बिऱ्हाडांना चार मीटर लावले. १ मे रोजी चौघांच्या समोर महावितरणच्या मीटरचा आणि या चारही मीटरच्या डब्यांचा आकडा एका वहीत लिहिला. ही वही पुढे मीटरच्या मोबाईल ॲपपेक्षा जास्त कामाची ठरली.

पहिल्या आठवड्यात काय दिसलं

सात दिवसांत मुख्य मीटर १३० युनिट फिरलं. चार खोल्यांची बेरीज आली ११२. अठरा युनिट कोणाचेच नव्हते. आणि दुसरं आश्चर्य म्हणजे बँकेतल्या पोरांच्या नावावर ३४ युनिट लागले होते, गुरुजींच्या नावावर फक्त ११. सिस्टरचे २४.

पोरं हादरली. काकूंचा संशय क्षणात सिस्टरवरून पोरांवर गेला. इथे ॲपमधला तासातासाचा आलेख कामी आला. सकाळी नऊला पोरं कुलूप लावून बाहेर पडल्यावरही त्यांच्या मीटरवर एक सरळ रेघ चालू होती, सव्वादोनशे वॅटच्या आसपास, थेट संध्याकाळपर्यंत. कुलूपबंद खोलीत एवढं काय चालेल? मी गॅलरीतल्या बोर्डाचा फेज शोधत गेलो. गुरुजींचा कूलर त्यांच्या खिडकीबाहेर गॅलरीत ठेवलेला, आणि गॅलरीतला तो सॉकेट पोरांच्या खोलीच्या लाइनवरून ओढलेला. घर बांधताना वर एकच मोठा हॉल होता. नंतर भिंती उभ्या राहिल्या, वायरी जुन्याच राहिल्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी असल्यामुळे गुरुजींचं कुटुंब दिवसभर घरी, म्हणून कूलर दिवसभर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा हे जून संपेपर्यंत चाललं असतं. गुरुजींना यातलं काही माहीत नव्हतं. जवळ दिसला तो सॉकेट त्यांनी वापरला होता.

साधं सब-मीटर (मुख्य मीटरच्या पुढे खोलीपुरतं लावलेलं मीटर) लावलं असतं तर महिन्याच्या शेवटी फक्त एक आकडा मिळाला असता आणि पोरांनी दुसऱ्याच्या कूलरचे पैसे भरले असते. सामायिक घरात तासाचा आलेख उपयोगी पडतो तो वायरिंगमधली अशी गुंतागुंत शोधायला. म्हणून माझं ठाम मत आहे की मीटर लावण्याआधी प्रत्येक खोलीचा एमसीबी एकेक करून बंद करावा आणि काय काय बंद होतं ते बघावं. तासाभराचं काम आहे. त्याशिवाय घेतलेल्या रीडिंगवर कोणाकडून पैसे मागू नयेत.

आता ते बेवारस अठरा युनिट. अंगणात विहीर आहे, तिच्यावर एक एचपीचा मोनोब्लॉक पंप. तो थेट मुख्य लाइनवर होता, कोणत्याच डब्यात नव्हता. त्यालाही मीटर लावलं. पंप दिवसाला दोन तास चालत होता आणि चालताना ११०० वॅट घेत होता, म्हणजे रोज सव्वादोन युनिटच्या आसपास. टाकी भरायला एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाईपच्या विहिरीतल्या टोकाची झडप, गळका होता. पंप बंद झाला की पाईपमधलं पाणी विहिरीत परत उतरायचं आणि पुढच्या वेळी बराच वेळ पंप नुसता फिरत राहायचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की हे आणखी वाढतं. अठरापैकी पंधरा युनिट पंपाचे, दीडेक जिन्यातल्या आणि फाटकावरच्या दिव्यांचे, उरलेले मीटरांच्या स्वतःच्या वापराचे आणि बारीकसारीक फरकाचे. हिशेब जुळला. सगळ्या डब्यांची बेरीज मुख्य मीटरच्या दोन-तीन टक्क्यांत आली की काम बरोबर झालं असं मी समजतो.

कूलरचा सॉकेट गुरुजींच्या लाइनवर घेतला आणि पहिल्या आठवड्याचे त्याचे युनिट वहीत त्यांच्या नावावर वळते केले. मे महिन्याचा शेवटचा हिशेब असा आला: काकांचं घर १९०, गुरुजी १३०, सिस्टर १०५, पोरं ६५, पंप आणि दिवे ७०. एकूण ५६०.

पैशाचं काय

युनिट कळले म्हणजे पैसे कळले असं सगळ्यांना वाटत होतं. खरा गुंता इथूनच सुरू झाला.

घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. २०२४-२५ मध्ये महावितरणचा दर पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि पुढे १६ रुपये ६४ पैसे होता. त्यावर युनिटमागे १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याचा १२८ रुपये स्थिर आकार आणि सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तर ५६० युनिटांचे साधारण ८,३७५ रुपये होतात. म्हणजे सरासरी युनिट पंधरा रुपयांना.

हाच वापर चार वेगळ्या मीटरांवर असता तर? काकांचं घर आणि पंप मिळून २६० युनिट: सुमारे २,९५५ रुपये. गुरुजींचे १,२३०. सिस्टरचे ८९५. पोरांचे ५९०. एकूण ५,६७० रुपये. म्हणजे चार कुटुंबांनी एका मीटरखाली राहण्याची किंमत त्या एका महिन्यात २,७०० रुपये होती. कोणी जास्त वीज जाळली म्हणून हे पैसे गेले नाहीत. चौघांचे युनिट एकावर एक रचले गेले आणि प्रत्येकाचे स्वस्त शंभर युनिट मिळून एकदाच मोजले गेले, म्हणून गेले.

जुन्या पद्धतीने प्रत्येकाने २,०९५ रुपये भरले असते. पोरांनी ५९० च्या जागी, सिस्टरनी ८९५ च्या जागी. सरासरी पंधरा रुपयांनी युनिट वाटले तर थोडा न्याय होतो, पण पुरता नाही. पोरांचा मुद्दा बिनतोड होता: "आमी पासष्टच जाळले. आमी एकटे असतो तं पंधराचा दर आम्हाले कधी लागलाच नसता." कोणता युनिट आधी जळला आणि कोणता शेवटी, हे कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. महागडा शेवटचा टप्पा कोणाच्या नावावर टाकायचा हे माणसांनीच ठरवावं लागतं.

काका आधी म्हणाले, सरळ सरासरी लावा. गुरुजींनी वहीत वेगळी मांडणी केली आणि शेवटी तीच सगळ्यांनी मानली. प्रत्येकाचं बिल त्याचं स्वतःचं मीटर आहे असं धरून काढायचं. पंप-दिव्यांचे युनिट दहा माणसांवर डोईप्रमाणे, माणशी सात. आणि एका मीटरमुळे जे जास्त लागले (पंपाचे युनिट असे वाटल्यावर ते सुमारे २,७९० रुपये), त्यातले अर्धे काकांनी सोसायचे, अर्धे भाडेकरूंनी आपापल्या खोलीच्या युनिटांच्या प्रमाणात. मीटर एकच ठेवणं हा घरमालकाचा निर्णय होता, भाडेकरूंचा नव्हे, म्हणून मला काकांचा हिस्सा मोठा असणं योग्य वाटलं आणि मी तसं सांगितलं. काकांना ते जड गेलं. पण वही त्यांच्या समोर होती.

या मांडणीने पोरांचा हिस्सा ९९० च्या आसपास आला, सिस्टरचा १,४८०, काकांचा ३,७९५. गुरुजींचा जवळपास पूर्वीएवढाच राहिला. ज्या सिस्टरवर सगळ्यांचं बोट होतं, त्या सारख्या वाटणीत सहाशेहून जास्त रुपये दुसऱ्यांचे भरत होत्या. काकू त्या दिवशी वर जाऊन त्यांच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सिस्टरकडून भाजीचा डबा धुवून परत खाली आलेला मी पाहिला, म्हणजे भाजी देणं-घेणं सुरू झालं होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट केली पाहिजे. घरमालकाने महावितरणचं बिल जेवढं तेवढंच वाटून घ्यावं. सब-मीटरवर मनाचा दर लावून त्यातून पैसा उरवणं म्हणजे वीज विकणं, आणि २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय वीज विकता येत नाही. तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी खोल्यांमध्ये असा मनाचा दर लावला जातो आणि विद्यार्थी तो मुकाट भरतात. बिलाची प्रत भाड्याच्या प्रत्येक खोलीत पोचली पाहिजे.

आलेख कोणाच्या मोबाईलवर

हे प्रकरण मला लिहावंसं वाटलं ते यासाठी. ॲपचं खातं काकांच्या मुलाच्या नावाने उघडलं होतं. तो पुण्यात नोकरीला, मोबाईलमधलं त्याला चांगलं कळतं, म्हणून सगळ्यांनी ते त्याच्यावर सोपवलं. मेच्या मध्यावर त्याने सहज फोनवर काकूंना सांगितलं की सिस्टर आज पहाटे चारला आल्या वाटतं, लाईट तेव्हा लागला. वाईट हेतू त्यात काही नव्हता. काकूंनी ते तसंच सिस्टरना विचारलं.

सिस्टरनी त्या दिवशी आपल्या खोलीचा डबा बंद करा असं सांगितलं. "मी कधी येते, कधी झोपते, खोलीत कोणी आहे का नाही, हे पुण्यात बसलेल्या माणसाला दिसते. बिलासाठी एवढं कशाला लागते?"

त्या बरोबर होत्या. मिनिटामिनिटाच्या वापरातून घरात माणूस आहे की नाही, कधी उठतो, पाणी कधी तापवतो, हे सगळं वाचता येतं. एकट्या राहणाऱ्या बाईसाठी हा धोका आहे, मग पाहणारा कितीही सज्जन असो. दुसरी गोष्ट तर कोणाच्या लक्षातच आली नव्हती: या डब्यांत आत रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा स्विच, असतो आणि ॲपवरचं बटण दाबून त्या खोलीची वीज बंद करता येते. भाडं थकलं, भांडण झालं, तर पुण्यातून कोणी चौघांची वीज तोडू शकतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ घरमालकाला भाडेकरूची वीज-पाण्यासारखी सोय योग्य कारणाशिवाय तोडू देत नाही. पण १९९९ चा तो कायदा प्रत्येक खेड्याला लागू नाही, आणि बटण दाबायला एक सेकंद लागतो.

वायरिंगची गुंतागुंत सापडल्यावर आलेखाचं काम संपलं होतं. आम्ही चारही खोल्यांचे डबे वायफायवरून काढून टाकले. आता ते साध्या मीटरसारखे युनिट मोजतात, डिस्प्ले गॅलरीतल्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो आणि १ तारखेला आकडे वहीत चढतात. रिमोटने बंद करण्याची सोय त्याबरोबर गेली. पंपाचा डबा मात्र वायफायवर ठेवला, कारण पंप जास्त वेळ चालला की ते लगेच कळणं सगळ्यांच्याच हिताचं आहे आणि त्यातून कोणाचं खासगी काही दिसत नाही. काकांच्या मुलाने हे सगळं विनातक्रार मान्य केलं. भाडेकराराच्या नव्या कागदात काकांनी एक ओळ घातली की खोलीतला वीजवापर महिन्याच्या एकूण आकड्यापलीकडे कोणी पाहणार नाही. ती ओळ सिस्टरनी सांगितली तशी लिहिली आहे.

वेगळी मीटरं आणि राहिलेला प्रश्न

उपाय खरा एकच, वेगळं कनेक्शन. वीज कायद्याचं कलम ४३ मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देतं. भाडेकरूही अर्ज करू शकतो. एकाच कुटुंबाने टप्पा वाचवण्यासाठी दोन मीटर घेणं चालत नाही. बिऱ्हाड, स्वयंपाकघर आणि वायरिंग वेगळं असावं लागतं, भाडेकरार आणि मालकाची संमती जोडावी लागते, आणि परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट. वेगळ्या वायरिंगचा खर्च काकांनी उचलला, कारण उन्हाळ्याच्या दोन-चार महिन्यांत तो निघून येतो हे वहीवरून दिसत होतं. गुरुजींचं आणि सिस्टरचं मीटर लागलं.

पोरांनी अर्ज केला नाही. बँकेत बदली कधीही होते, त्यांना अनामत अडकवायची नव्हती. ती काकांच्या मीटरवरच राहिली. इथे परत टप्पा आडवा आला: काकांचे १९०, पंपाचे ७०, पोरांचे ६५ मिळून ३२५. शेवटचे पंचवीस युनिट साडेचौदाच्या दरात. पण मेच्या शेवटी फुटव्हॉल्व्ह बदलला होता आणि पंपाचा वेळ निम्म्यावर आला होता. तेवढ्याने महिन्याचे तीसेक युनिट वाचतात आणि मेइतका कडक उन्हाळा असला तरी हे मीटर तीनशेच्या आत राहतं. पोरांना पहिल्या टप्प्याचा दर लावायचा हे काकांनी स्वतःहून कबूल केलं.

आता काकांच्या मुलाच्या मनात छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे. पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि आमच्या उन्हात ते महिन्याला साडेतीनशे युनिटच्या घरात वीज देईल. सोलर काकांच्या मीटरला जोडलं जाईल, पैसा काकांचा लागेल, आणि त्याच मीटरवर पोरांची खोली आहे. मग पोरांच्या पासष्ट युनिटांचा दर कोणता? काका म्हणतात महावितरणचा पहिला टप्पा कायम ठेवू. पोरं म्हणतात बिल शून्य आलं तर आम्ही कशाचे पैसे द्यायचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पॅनल चढवण्याआधी हे वहीत लिहून दोघांनी सही करायची, एवढं सध्या ठरलं आहे.